गेममध्येही आपल्याच माणसावर ग्रेनेड नको

आपल्या वस्त्यांमध्ये बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्स खेळणारे मूल नाही, असे घर आता शोधावे लागेल. आईवडिलांचा राग एकाच गोष्टीवर असतो : पोरगा तासन्‌तास मोबाईल सोडत नाही. तो राग योग्यच आहे. पण मूल किती वेळ खेळते यासोबत ते कसे खेळते आणि त्याच्याशी कोण कसे वागते, हेही विचारले पाहिजे.

बीजीएमआयमध्ये चार जणांचा स्क्वाड असतो. आपण टाकलेला ग्रेनेड जवळच्या साथीदारालाही लागतो. गेमच्या भाषेत याला फ्रेंडली फायर म्हणतात. चुकून लागले तर ‘सॉरी’ म्हणून त्याला उठवावे, विषय संपला. पण काही जण हे मुद्दाम करतात. साथीदाराला जखमी करून त्याचे सामान घेतात, नवख्याची माइकवर टर उडवतात, आईबहिणीवरून शिव्या देतात. मुलगी बोलते आहे असे कळले की विचारूच नका. कित्येक मुली म्हणूनच माइक बंद ठेवून खेळतात. असा मुद्दाम दिलेला त्रास म्हणजे ग्रीफिंग.

‘गेमच तर आहे,’ असे म्हणून हे सोडून देऊ नये. समोरचे चित्र खोटे असले तरी शिवी खरी असते आणि ती ऐकणारे लेकरूही खरे असते. रात्री अकराला अपमान गिळून झोपायला गेलेल्या मुलाला झोप लागत नाही. छाती धडधडते, डोक्यात तेच घोळत राहते. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते. ती मोडली की सकाळी चिडचिड, शाळेत डुलक्या आणि घरात भांडण. खेळणारे दोघे एकाच गल्लीतले असले, तर मोबाईलमधले भांडण नळावर यायला वेळ लागत नाही.

धम्म म्हणजे माणसाने माणसाशी कसे वागावे, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. मग चार माणसे एका स्क्वाडमध्ये आली, तर तिथे धम्म का नको? सम्यक वाचा विहारात आणि शिवी माइकवर, असे दोन हिशेब चालणार नाहीत. शिव्या देणाऱ्यांत आपली मुलेही असतात, हे कबूल केले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसलेल्या समाजाच्या लेकरांनी दुसऱ्याचा अपमान करण्यात मजा मानावी, हे आपल्याला शोभत नाही.

करायचे काय? अनोळखी लोकांपेक्षा ओळखीच्या चौघांनी मिळून खेळावे. कुणी मुद्दाम त्रास दिला तर उलट ग्रेनेड टाकू नये. त्याला म्यूट करावे, गेममध्येच रिपोर्ट करावे आणि डाव संपला की बाहेर पडावे. झोपायच्या तासभर आधी मोबाईल बाजूला ठेवावा. आईवडिलांनी डाव चालू असताना मोबाईल हिसकावू नये. त्यापेक्षा जेवताना विचारावे, ‘आज टीममध्ये कोण होते? कुणी काही बोलले का?’ रागावणार नाही अशी खात्री असली, तरच मूल सांगेल.

जातीवरून शिवी दिली गेली तर ती सहन करून गप्प बसू नये. स्क्रीन रेकॉर्डिंग आणि त्या खेळाडूचा आयडी जपून ठेवावा, मोठ्यांना दाखवावा. तक्रार सायबर पोलिसांकडे करता येते. १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याखाली काय करता येईल, हे जाणत्या वकिलाला विचारावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे. ही यादी २०२२ पासून लागू झाली. पण गेम खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते. गेमवरचा ताबा सुटला, शाळा, जेवण, मित्र सगळे मागे पडले, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही आणि हे महिनोन्‌महिने चालले, तर मदत घ्यावी. टेली मानसचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत असून रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते.

रविवारी विहारात मुले जमतात. वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयाला द्यावीत. आपल्या वस्तीतल्या स्क्वाडचे नियम मुलांनाच ठरवू द्यावेत. पडलेल्या साथीदाराला आधी उठवायचे, हा पहिला नियम असावा.

जय भीम! नमो बुद्धाय!