भिंतीआडच्या तारा आणि नळ

मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांतील तीस-चाळीस वर्षे जुन्या सदनिकांचे नूतनीकरण हा आता मध्यमवर्गीय संसारातील नेहमीचा टप्पा झाला आहे. इमारतीचा पुनर्विकास रखडलेला असतो, नवे घर आवाक्याबाहेर गेलेले असते. तेव्हा आहे तेच घर नवे करणे एवढाच मार्ग उरतो. कामाचा खर्च पाहून घरमालक काही कामे स्वतःच अंगावर घेऊ लागला आहे. ड्रिल यंत्र घरपोच मिळते आणि नळ कसा बदलावा, पॉइंट कसा काढावा हे दाखवणाऱ्या चित्रफितींना तोटा नाही. आपल्या हाताने घर दुरुस्त करण्याची ही हौस मुळात वाईट नाही. हाताने काम करणे कमीपणाचे मानणाऱ्या आपल्या समाजात तर तिचे स्वागतच व्हायला हवे. प्रश्न आहे तो ही हौस कोठे थांबली पाहिजे, हा.

विजेच्या बाबतीत कायद्याने ती सीमा केव्हाच आखून दिली आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ती होती, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांत ती कायम राहिली आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या विनियमांतही तिचा गाभा तोच आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांसारख्या वस्तू बदलण्यास ग्राहकाला मोकळीक आहे. मात्र त्यामुळे वीजसंचाची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. त्यापलीकडचे प्रत्येक काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदाराने, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक वायरमनकडून (सरकारी मराठीत ‘तारतंत्री’) करून घ्यावयाचे असते. म्हणजे जळालेला स्विच बदलणे हा घरमालकाचा अधिकार. वातानुकूलन यंत्रासाठी नवा पॉइंट काढणे हा नव्हे. आणि नूतनीकरणात प्रत्यक्षात होते ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचेच काम.

हा भेद कायद्याच्या हौसेखातर केलेला नाही. पाणी आणि वीज यांच्या स्वभावातला फरक त्यामागे आहे. नळाचा सांधा कच्चा राहिला तर तो ठिबकतो, भिंतीला ओल येते, खालच्या मजल्यावरचे शेजारी दार ठोठावतात. चूक स्वतःहून तक्रार करते. वायरिंगमधली चूक मात्र वर्षानुवर्षे गप्प बसते. दिवा लागला, पंखा फिरला, गिझर तापला म्हणजे काम बरोबर झाले, असा घरमालकाचाच नव्हे तर अनेक कारागिरांचाही समज असतो. उपकरण चालणे आणि वायरिंग सुरक्षित असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अर्थिंगची तार मुळीच जोडलेली नसली, तरी गिझर तेवढेच पाणी तापवतो.

अर्थिंगच्या बाबतीतला एक प्रकार तर नूतनीकरणानेच जन्माला घातलेला आहे. जुन्या अनेक घरांत गिझरची किंवा मीटरची अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी नळाला बांधलेली आढळते. नळ जमिनीत गेलेला असल्याने ती सोय त्या काळी चालून गेली. आज ती मान्य पद्धत नाही. आता स्नानगृह नवे करताना गंजलेले जीआयचे नळ काढून तेथे सीपीव्हीसीचे नळ टाकले जातात. प्लंबरच्या दृष्टीने हे उत्तम काम; नवे नळ गंजणार नाहीत आणि गरम पाणीही सोसतील. परंतु प्लास्टिकमधून वीज वाहत नाही. ज्या दिवशी तो लोखंडी नळ कापला गेला, त्याच दिवशी घराचे अर्थिंगही कापले गेले, आणि हे ना प्लंबरला ठाऊक असते, ना घरमालकाला. इलेक्ट्रिशियन तर त्या दिवशी घरात नसतोच. पुढे केव्हातरी गिझरच्या हीटरचे आवरण फुटते, पाण्यात व नळाच्या धातूच्या तोटीत वीज उतरते, तेव्हा तिला जमिनीत जायला उरलेला मार्ग ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरातूनच जातो.

याहून वाईट प्रकार म्हणजे खोटे अर्थिंग. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थिंगची तार पोहोचलेली नसली की, काही जण न्यूट्रलचाच एक तुकडा अर्थच्या पिनेला जोडून मोकळे होतात. बल्ब लावून तपासले तर तो झकास पेटतो. त्यामुळे साध्या तपासणीत हा दोष सापडत नाही. मात्र वाटेत कोठे न्यूट्रल तुटला तर फ्रिजचा किंवा धुलाई यंत्राचा संपूर्ण पत्रा विजेने भारला जातो. शिवाय अशा जोडणीत गळती झालेली वीज न्यूट्रलवाटेच परत जात असल्याने आरसीसीबी या संरक्षक उपकरणाला ती दिसतच नाही.

आरसीसीबीविषयीचे अज्ञान हाही स्वतंत्र विषय आहे. घरात एमसीबी बसवले की झाले, असे सुशिक्षित माणसेही सांगतात. एमसीबी वाचवते ती प्रामुख्याने तार, माणूस नव्हे. १६ ॲम्पिअरचे एमसीबी प्रवाह त्या मर्यादेबाहेर गेल्यावर तुटते, तर माणसाचा जीव जाण्यास त्याच्या शेकडो पटींनी कमी प्रवाह पुरतो. घरगुती वापराची आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडते. विनियमांतही घरगुती जोडणीसाठी हीच कमाल मर्यादा दिलेली आहे. पण पावसाळ्यात ती वारंवार तुटू लागली, की ‘हिचाच त्रास आहे’ म्हणून तिला वगळून थेट जोडणी केली जाते. हाच न्याय एमसीबीलाही लावला जातो. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर तीन किलोवॉटचा गिझर, म्हणजे सुमारे १३ ॲम्पिअरचा भार टाकायचा, त्यात आणखी एखादे उपकरण जोडायचे आणि १६ चे एमसीबी तुटू लागले की तेथे ३२ चे बसवायचे. एमसीबी मग तुटत नाही. भिंतीतली तार तापते. मोठ्या शहरांतील आगींच्या कारणांमध्ये विद्युत दोष नेहमी अग्रभागी का असतात, याचे निदान काही अंशी येथे सापडते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये देशात विजेच्या धक्क्याने १२ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यात शेतातले पंप, तुटून पडलेल्या वाहिन्या असे सारेच आले. घराच्या भिंतीतील दोषाने किती गेले, हे या संख्येतून वेगळे निघत नाही.

नळकामात जिवावरचे प्रसंग कमी, पण अगदीच नाहीत असे नव्हे. साठवणुकीच्या गिझरला एक सुरक्षा झडप असते. आतला दाब वाढला की ती थोडे पाणी सोडते. हे ठिबकणे म्हणजे गळती समजून तेथे बूच ठोकणारे बहाद्दर आहेत. ते बूच आणि बिघडलेला थर्मोस्टॅट एकत्र आले, तर टाकी फुटू शकते. एरवी नळकामातील चुका महाग पडतात त्या पैशाने आणि शेजारधर्माने. (देशभरातील प्लंबर ज्याला ‘नहानी ट्रॅप’ म्हणतात, तो शब्द आपल्या न्हाणीवरूनच गेलेला आहे, पण त्या ट्रॅपभोवतीचे वॉटरप्रूफिंग नीट करण्याची कला मात्र आपल्याकडून हरवत चालली आहे.) नव्या नळांत दाबाने पाणी भरून ते काही काळ ठेवावे, सांधे पाहावेत आणि मगच फरशी लावावी, एवढी साधी रीतही घाईत पाळली जात नाही. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार स्वच्छतागृह, सिंक यांच्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करावयाची असते. त्यामुळे या चुकीला निदान मालक तरी सापडतो.

सारा दोष कारागिरांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. आपल्याकडे वायरिंगचे काम पॉइंटच्या भावाने ठरते. घासाघीस करून भाव उतरवला की कपात तेथेच होते, जे दिसत नाही. स्विचच्या पट्ट्या नामांकित कंपनीच्या हव्यात, हा आग्रह घरमालक धरतो. हिरवी तार प्रत्येक पॉइंटपर्यंत गेली का, हे तो विचारत नाही. उस्तादाच्या हाताखाली शिकलेले अनेक कारागीर अतिशय कुशल असतात, परंतु त्यांच्याजवळ इन्सुलेशन किंवा अर्थिंगचा रोध मोजणारे उपकरण नसते. हौशी घरमालकाकडेही नसते. परवाना मागायचा तो कौशल्याच्या सर्टिफिकेटासाठी नव्हे, तर मोजणी करून त्याखाली सही करणारा कोणी असावा म्हणून.

इतर देशांनी या प्रश्नाची उत्तरे निरनिराळी शोधली आहेत. न्यूझीलंडमध्ये घरमालकाला स्वतःच्या घरातले काही वायरिंग स्वतः करता येते, पण परवानाधारक निरीक्षकाने तपासल्याखेरीज त्यात वीज सोडता येत नाही. इंग्लंड व वेल्समध्ये २००५ पासून घरातील विद्युत कामे इमारत नियमांच्या कक्षेत आली. इंग्लंडने २०१३ मध्ये त्यातली किरकोळ कामे वगळली, तरी नवे सर्किट टाकल्याची सूचना आजही द्यावी लागते. दोन्हीकडे काम कोणी केले यापेक्षा ते तपासले कोणी, याला महत्त्व आहे.

आपली व्यवस्था याच्या नेमकी उलट आहे. काम कोणी करावे हे कायदा बारकाईने सांगतो. झालेले काम कोणी पाहत नाही. नवी वीजजोडणी घेताना परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट अर्जासोबत द्यावा लागतो. पुढे तीस वर्षांत त्या घराच्या भिंती दोनदा फोडल्या गेल्या तरी, मंजूर भार वाढवून मागितला नाही तर, दुसरा रिपोर्ट सहसा कोणी मागत नाही. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यान्वये इमारतीच्या अग्निशमन यंत्रणेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. आग जेथे लागण्याचा संभव अधिक, त्या सदनिकेतील वायरिंगला असा कोणताच नियमित तगादा नाही.

विद्युत निरीक्षकांनी घरोघर फिरावे, अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. तेवढे मनुष्यबळ नाही आणि उद्या ते मिळाले तर त्यातून चिरीमिरीचे नवे दुकान उघडेल. ही तपासणी सोसायट्यांच्या हातून सहज होण्याजोगी आहे. नूतनीकरणाची परवानगी देताना सोसायट्या अनामत रक्कम घेतात, राडारोडा कोठे टाकायचा ते सांगतात, दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद ठेवायला लावतात. त्याच अर्जात विद्युत कंत्राटदाराचा परवाना क्रमांक लिहिण्यास एक रकाना असावा, आणि काम संपल्यावर त्याने दिलेला टेस्ट रिपोर्ट जोडल्याखेरीज अनामत परत करू नये. स्विच बदलणाऱ्या हौशी घरमालकाला याची झळ लागणार नाही. भिंत फोडून नवी तार टाकणाऱ्याला एक जादा सही मिळवावी लागेल, आणि त्या सहीसाठी तरी कोणीतरी मोजणीचे उपकरण घेऊन त्याच्या घरी येईल.