पंधरा दिवसांची मुदत

एका वाचक गृहस्थांनीं पृच्छा केली आहे कीं, कॅनडांत शिकून तेथेंच नोकरी करणाऱ्या त्यांच्या कन्येस कामाचा परवाना वाढवून मिळाला नाहीं. तिनें खात्याकडे फेरविचारार्थ दोन विनंतिपत्रें धाडलीं. उत्तर येईना म्हणून वकील गांठला, तों कोर्टाची मुदत टळलेली. आतां उपाय काय?

त्या देशाच्या २००१ सालच्या कायद्यांतील ७२ व्या कलमान्वयें अशा निर्णयाविरुद्ध फेडरल कोर्टांत जातां येतें, परंतु आधीं कोर्टाची अनुज्ञा मागावी लागते. प्रकरण कॅनडांत उद्भवलें असल्यास १५ दिवसांत, देशाबाहेर उद्भवलें असल्यास ६० दिवसांत. पुष्कळ जण दुसरा आंकडा ऐकून पहिल्यास मुकतात. दिवस मोजावयाचे ते निर्णय कळविला गेला किंवा अन्य मार्गानें कळला तेव्हांपासून. फेरविचाराच्या पत्रानें ते थांबत नाहींत. अर्ज टाकला कीं आपलें काम झालें, ही समजूत बहुधा आपल्याकडील कचेऱ्यांनींच आपणांस लाविली असावी! वास्तविक पहिला अर्ज लहानसाच असतो, फी अवघी ५० डॉलर; शपथपत्रें व युक्तिवाद मागाहून द्यावयाचे असतात.

‘विशेष कारणें’ असल्यास न्यायाधीश मुदत वाढवूं शकतात. मागणी मात्र त्याच अर्जांत करावयाची. दोहोंचा निकाल एकदमच लागतो. १९९९ सालच्या हेनेली प्रकरणांत अपील कोर्टानें चार गोष्टी पाहावयास सांगितल्या: दाद मागण्याचा हेतु अखंड होता काय, गाऱ्हाण्यांत कांहीं तथ्य आहे काय, विलंबामुळें प्रतिपक्षाची हानि होते काय, आणि विलंबास समंजस कारण आहे काय. चारही उत्तरें अनुकूल असलींच पाहिजेत असें नाहीं, न्यायाचें हित श्रेष्ठ, हें २०१२ सालच्या लार्कमन प्रकरणांत स्पष्ट झालें आहे.

आमच्या मतें त्या मुलीचीं दोन पत्रें, तारखांसह, हेतूचा थोडाबहुत पुरावा ठरतील. परंतु ‘नियम ठाऊक नव्हता’ एवढ्यानें तेथील कोर्ट सहसा द्रवत नाहीं. टळलेल्या सर्व काळाचा हिशेब द्यावा लागतो. आपल्या १९६३ सालच्या मुदतीच्या कायद्यांतील ५ व्या कलमाखालीं विलंब माफ झालेला पाहण्याची ज्यांस संवय आहे, त्यांनीं तेथें तितकी आशा धरूं नये. सल्लागाराच्या चुकीचें फळही बहुधा अशिलासच भोगावें लागतें, आणि तसा आरोप करावयाचा तर त्या सल्लागारास आधीं कळवावें लागतें.

अनुज्ञा नाकारली गेली तर त्यावर अपील नाहीं. म्हणून गृहस्थांनीं आणखी एक तारीख आजच पाहावी. परवाना गेल्यानें तात्पुरत्या वास्तव्याचा दर्जा लोपला असल्यास तो पूर्ववत् करून मागण्यास ९० दिवस मिळतात. ही मुदत अगदीं निराळी. ती खात्याकडील आहे, आणि कोर्टांतील अर्जासाठीं ती थांबून राहात नाहीं.