पहिली पिशवी मागे राहण्याआधी

प्रति,
टोक्योतील वॉर्ड कार्यालयांचे कचरा विभाग, इमारतींचे व्यवस्थापक आणि आम्हाला इथे नोकरीसाठी आणणाऱ्या कंपन्या



तीन वर्षांपूर्वी मी पुण्याहून टोक्योत राहायला आले. पहिल्याच दिवाळीत चकल्या तळून उरलेलं तेल बाटलीत भरलं, ती बाटली जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकली आणि सकाळी आठच्या आत खाली ठेवून कामाला गेले. संध्याकाळी परतले, तर कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून लावलेल्या जाळीखाली माझी एकटीची पिशवी उरली होती. वर चिठ्ठी चिकटवलेली, सगळी जपानीत. दिवसभर ती येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहिली असणार. पिशवी उचलून वर नेताना मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनी दार वाजवलं. हातात पावडरची पुडी होती. त्यांनी तेल पुन्हा कढईत ओतून तापवलं, पावडर टाकून ढवळलं आणि गॅस बंद केला. तासाभरात तेल खरवसासारखं थिजलं. त्यांनी ते उलथन्याने सोडवून कागदात गुंडाळलं आणि जाळायच्या पिशवीत ठेवलं. मधल्या वेळात पाण्याची एक रिकामी बाटली घेऊन टोपण काढलं, वेष्टन सोललं, बाटली विसळून चेपली. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी मला सगळं समजलं. हातात पडलेल्या माहितीपत्रकातून मात्र दोन महिन्यांत यातलं काही उमगलं नव्हतं.

आम्ही बेफिकीर नाही, हे आपण समजून घ्यावं. पुण्यात रद्दी, डबे, बाटल्या रद्दीवाला न्यायचा आणि वर पैसे द्यायचा. कचऱ्यातून विकण्याजोगं निवडायचं काम कचरावेचक बायका करत आल्या. 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था २००८ पासून पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करते. कोणतं प्लास्टिक चालतं, कोणतं नाही, हे त्यांना स्पर्शाने कळतं. आमच्या घरांना ते कधी शिकावंच लागलं नाही. इथे ती विद्या घरातल्या प्रत्येकाला यावी लागते. जुनं कपाट टाकायचं तर आधी वेळ ठरवायची आणि पैसे भरून स्टिकर आणायचा. फ्रिज किंवा वॉशिंग मशीन तर २००१ पासून वेगळ्या कायद्याखाली जातं, त्याचं शुल्क वापरणाऱ्यानेच भरायचं. जिने आयुष्यभर रद्दीचे पैसे घेतले, तिला हे कुणीतरी समोर बसून सांगायला हवं.

नियमांमागची गोष्टही सांगा. सगळ्या शहराचा कचरा आमच्याच दारात का, असं कोतो वॉर्डातले लोक विचारत होते आणि १९७१ साली गव्हर्नर मिनोबे यांनी 'कचरायुद्ध' जाहीर केलं. कचरा जाळायच्या भट्ट्यांमधली राख आजही टोक्योच्या उपसागरातल्या भरावात जाते, आणि तो भरला की पुढची जागा नाही. एवढं कळलं तर बाटली विसळण्याचा कुणाला कंटाळा येणार नाही.

माझ्या चार विनंत्या आहेत.

वॉर्ड कार्यालयांना: नव्या पत्त्याची नोंद करायला चौदा दिवसांच्या आत प्रत्येकाला तुमच्याकडे यावंच लागतं. त्याच दिवशी पंधरा मिनिटं खऱ्या पिशव्या, खरी बाटली, खरं तेल दाखवून शिकवा. २००० सालापासून कचरा गोळा करणं प्रत्येक वॉर्डाकडे आहे आणि नियमही वॉर्डागणिक वेगळे आहेत, म्हणून घर बदलून आलेल्यांनाही दाखवा. आमच्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंची चित्रं लावा: नारळाची करवंटी, मसाल्याचं चकचकीत पाकीट, लोणच्याची बरणी.

इमारतींच्या व्यवस्थापकांना: चिठ्ठी लागलेली पिशवी दिवसभर तशीच ठेवू नका. त्या घराची बेल वाजवा.

कंपन्यांना: बँक खातं, फोन, रेल्वेचं कार्ड यांसाठी तुम्ही माणूस सोबत देता. त्याच माणसाला कचऱ्याच्या पहिल्या वारी सकाळी घरी पाठवा.

आणि आपल्या इथल्या मराठी मंडळींना: नवं कुटुंब आलं की आपण जेवायला बोलावतो. निघताना त्यांच्या हातात तेल थिजवायच्या पावडरची पुडीही द्या, आणि ती कशी वापरायची ते आपल्याच कढईत दाखवा. मी आता तेच करते.

कळावे,
टोक्योतील एक मराठी रहिवासी