एका विशेषणाची किंमत

मराठीचा प्राध्यापक सुट्टीत गावी गेला, की लग्नपत्रिकेपासून मानपत्रापर्यंत सारे मजकूर त्याच्यापुढे येतात. गेल्या दिवाळीत पिंगळीला माझ्यापुढे कोर्टाचा कागद आला.

धाकट्या चुलतभावाच्या बायकोने पोटगीचा अर्ज केला होता. त्यावरचे लेखी म्हणणे परभणीच्या वकिलांकडे द्यायचे होते. “दादा, भाषा जरा जोरदार करून दे,” भाऊ म्हणाला. भाऊ माझाच, समोरच्या चकल्याही त्याच्याच घरच्या! मी ‘अर्जदार’ या शब्दाआधी तीन विशेषणे बसवली : उद्धट, भांडखोर व संशयास्पद वर्तनाची. वाक्याला काय डौल आला म्हणता!

वकीलसाहेबांनी ते वाचले आणि मलाच विचारले, “सर, संशयास्पद म्हणजे आपण काय पाहिलेत?”

“गावात बोलतात.”

“मग गाव येणार का पिंजऱ्यात साक्षीला?”

मी गप्प. भाऊ उसळला, “साहेब, फी तर आम्हीच देतो ना?”

“फी माझ्या मेहनतीची. तुमचे उत्पन्न, खर्च, ती कधी गेली, का गेली, सारे मांडीन. ही शिवी मांडणार नाही.”

मग त्यांनी शांतपणे समजावले. बार कौन्सिलचा नियमच आहे : वकिलाने स्वतःला अशिलाचे निव्वळ तोंड समजू नये, लेखी म्हणण्यात निंदानालस्ती टाळावी. २०२३ साली, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या काळात, सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या साचेबंद समजुतींवर एक पुस्तिकाच काढली. ‘आज्ञाधारक पत्नी’ऐवजी नुसते ‘पत्नी’ आणि ‘सैल चारित्र्याची स्त्री’ऐवजी नुसते ‘स्त्री’ लिहावे, असे तीत सुचवले आहे. विशेषणाचा डाग मनावर आधी पडतो. पुरावा मागाहून येतो.

परतीच्या गाडीत भाऊ बोलला नाही. मला मात्र ती आठवत राहिली. लग्नानंतर दर दिवाळीला फराळाचे ताट तीच आमच्याकडे आणून देई. तिचा चढलेला आवाज मी एकदाही ऐकला नव्हता. तरी लिहिताना माझा हात अडखळला नाही. मी आपला वाक्याचा डौल बघत बसलो.

प्रकरण अजून चालू आहे. भावाचा अबोलाही. यंदा आमच्या ताटातल्या चकल्या विकतच्या आहेत. निबंध तपासताना पूर्वी मी समासात ‘वर्णन फुलवा’ असे लिहीत असे. आता क्षणभर थांबतो आणि लिहितो : ‘हे तू पाहिलेस का?’