तीनचाकीला मोटर लावण्याआधी

आमच्या धाकट्या भावाच्या तीनचाकीला विजेची मोटर बसवून आता दीड वर्ष होत आले. रिठदच्या आमच्या वस्तीतून तो बसथांब्याजवळच्या आपल्या झेरॉक्सच्या दुकानाकडे निघाला की वाटेत हटकून कुणीतरी थांबवते. प्रश्न ठरलेले असतात. किती पळते? एका चार्जिंगमध्ये किती जाते? खर्च किती आला? बसायला कशी आहे आणि थांबते कशी, हे मात्र अजून कुणी विचारले नाही. खरे सांगायचे तर सुरुवातीला आम्हीही विचारले नव्हते, आणि ते आम्हांला महागात पडले. म्हणून आजचे सदर या तीनचाकीवर.

भाऊ दोन वर्षांचा असताना त्याला पोलिओ झाला. पल्स पोलिओची मोहीम देशात १९९५ साली सुरू झाली, त्याच्या बरीच आधीची ही गोष्ट. पुढे १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. आनंदाचीच गोष्ट. पण त्याआधी ज्यांचे पाय गेले ती लेकरे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. पंचवीस-तीस वर्षे त्यांनी हातांनीच पायांचे काम केले आहे.

भावाचे खांदे तीन-चार वर्षांपूर्वी दुखू लागले. हाताने दांडी फिरवून शाळेजवळचा चढ चढता चढता तो मध्येच थांबायचा. दिवसभर सोयाबीनच्या निंदणाला जाऊन आलेली आमची भावजय संध्याकाळी मागून गाडी ढकलायची. वस्तीतले काहीजण म्हणाले, बसून बसून सुस्तावला. आम्हीही एकदा तसे बोललो, हे कबूल करतो. पुढे डॉक्टरांनी समजावून सांगितले. पोलिओत काही मज्जापेशी मरतात आणि वाचलेल्या पेशी मेलेल्यांचेही काम उचलतात. पंधरा ते चाळीस वर्षांनी त्या थकू लागतात. मग जिथे जोर होता तिथेही नवा अशक्तपणा येतो. अशा माणसाला "जोर लाव, सवय होईल" म्हणणे म्हणजे त्याचे उरलेले बळही संपवणे होय. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात मोटरचा विचार आला.

शासनाची वाट आम्ही आधी धरून पाहिली. कानपूरला कृत्रिम अंगे बनवणारे सरकारी महामंडळ आहे, १९७२ साली स्थापन झालेले. केंद्राच्या साहाय्यक साधनांच्या योजनेतून, म्हणजे ॲडिप योजनेतून, तिथल्या तीनचाक्या शिबिरांमध्ये वाटतात. ही योजना १९८१ पासूनची. भावाची हाताची तीनचाकी अशीच मिळाली होती. त्या वेळी वाशीम जिल्हा झालेला नव्हता (तो १ जुलै १९९८ ला झाला), त्यामुळे दाखल्यासाठी अकोल्याला खेटे घालावे लागले. मोटरच्या तीनचाकीच्या अटी अधिक कडक आहेत, तिथे दाखल्यावरची टक्केवारी व अपंगत्वाचा प्रकार पाहतात. भावाचे त्यात बसले नाही. ज्यांचे बसत असेल त्यांनी आधी तोच मार्ग धरावा, घरी पाने-पेचकस हाती घेऊ नयेत. आणखी एक. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा शासनाचा आदेश आहे. ग्रामसभेत उभे राहून त्याचा हिशेब विचारायला लाजू नये.

आम्ही मात्र घरीच सुरुवात केली. बाजारात मिळणारा २५० वॉट मोटरचा संच आणला, १२ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या आणल्या, म्हणजे ३६ व्होल्ट झाले. गाडी घेऊन वेल्डिंगवाल्याकडे गेलो. भाऊ म्हणाला, "भाऊ, आधी मले बसून पाहू दे, मंग मोटर कुठं लावायची ते ठरव." आम्ही ऐकले नाही. जागा मोकळी दिसली म्हणून वीस किलोच्या बॅटऱ्या पाठीमागे, उंच कॅरियरवर ठेवल्या.

पहिल्याच दिवशी शाळेजवळच्या चढावर पुढचे चाक मुरमात गरगर फिरू लागले आणि गाडी आडवी झाली. मोटर पुढच्या चाकात, वजन सारे मागे. चाकाला जमिनीवर पकड येणार कशी? चढावर वजन आणखी मागे सरकते. भाऊ पडता पडता वाचला, कोपर मात्र सोलले. वर इतकेच बोलला, "मी सांगत होतो." चूक वेल्डिंगवाल्याची नव्हती. त्याने सांगितले तसे केले. सांगणारे आम्ही, आणि ज्याला बसायचे होते तो बाजूला.

नंतर वाचनात आले की हाताने चालवायची तीनचाकी पहिल्यांदा बनवली तीच मुळी एका अपंग माणसाने. जर्मनीत न्यूरेंबर्गजवळ श्टेफान फार्फलर नावाचा घड्याळजी होता. त्याचे पाय अधू होते. १६५५ च्या सुमारास त्याने स्वतःसाठी दातेरी चाके लावून गाडी तयार केली. आपल्या अंगाचे माप त्याच्या इतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? आणि रस्त्यावर धावलेल्या अगदी पहिल्या विजेच्या गाड्यांपैकी एक म्हणजेही तीनचाकी सायकलच. १८८१ च्या एप्रिलमध्ये पॅरिसला गुस्ताव्ह त्रूव्हे याने तयार तीनचाकी घेऊन तिला मोटर व बॅटरी जोडली. तेव्हा जुन्या गाडीला मोटर लावणे हा काही आपला नवा उद्योग नव्हे.

दुसऱ्या वेळी आम्ही भावाला आधी बसवले. त्यातून कळले की हाताने दांडी फिरवायची म्हणून इतकी वर्षे तो ताठ, पुढे झुकून बसत होता. मोटर आली की ताठ बसायचे कारण उरत नाही. परदेशात पाय पुढे करून, पाठ मागे रेलून चालवायच्या तीनचाक्या असतात, त्यात अंगाचे बरेचसे वजन पाठीवर येते. आम्ही पाठीची फळी थोडी मागे कलती केली, बैठक चार इंच पुढे घेतली, आणि बॅटऱ्या खाली, बैठकीच्या पुढच्या कडेखाली पेटीत बसवल्या. पुढच्या चाकावर वजन आले, गाडीचा तोलही खाली आला. फार कलते केले तर मात्र समोरचे दिसत नाही आणि ट्रकवाल्याला आपणही दिसत नाही. म्हणून मागे उंच काठीवर लाल झेंडी, लाल दिवा आणि चमकणारी पट्टी लावली.

बैठकीची उंची घरातल्या खाटेइतकी केली. भाऊ आता कुणाचा हात न धरता खाटेवरून गाडीत सरकतो. आम्हांला विचाराल तर साऱ्या खर्चात सर्वांत मोलाचे काम हेच झाले, आणि ते अवघ्या दोन लोखंडी नळ्यांत झाले.

इथे एक इशारा. पोलिओत पायाची ताकद जाते, पण स्पर्श जात नाही. बैठक टोचली तर भावाला कळते. मणक्याला मार बसलेल्या माणसाला मात्र कळतच नाही. त्याच्या बैठकीवर जाड, मऊ गादी हवी, पायाच्या फळीला धारदार कडा नको, पाय घसरून चाकात जाऊ नयेत म्हणून पट्टा हवा. घरच्यांनी रोज संध्याकाळी त्याचे कुल्ले, टाचा, घोटे पाहावेत. लाल डाग दिसला आणि दाबून सोडल्यावरही गेला नाही तर त्या जागेवरचे बसणे बंद करून डॉक्टरांना दाखवावे. अशी जखम महिनोन्महिने भरत नाही.

ब्रेकचे पाहा. हाताच्या तीनचाकीला बहुधा पुढे एकच ब्रेक असतो. माणूस, गाडी, बॅटरी मिळून सव्वाशे किलोच्या वर जाते, त्याला तो पुरत नाही. आम्ही मागच्या दोन्ही चाकांना ब्रेक लावले आणि दोन्हींची ओढ एकाच मुठीवर सारखी बसेल असे तारेचे माप जुळवले. एक चाक आधी धरले तर गाडी वळते, म्हणून हे जुळवायला अर्धा दिवस गेला तरी घालवावा. मूठ दाबताच मोटरची वीज तुटली पाहिजे, तशा मुठी मिळतात. उभ्या गाडीला अडकवायची खिटीही हवीच. पुढे एक आणि मागे दोन चाके असलेली गाडी वळणावर ब्रेक दाबताच कलंडू पाहते, कारण वजन पुढे बाहेरच्या अंगाला जाते आणि तिथे चाकच नसते. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नाही.

चाकातल्या मोटरची खरी मेख तिच्या आसात आहे. मोटर चाक पुढे फिरवते तेव्हा आस तितक्याच जोराने उलटा फिरू पाहतो. केवळ नटाच्या भरवशावर राहिले तर एक दिवस चिमट्याची खाच फाकते, आस फिरतो आणि आतून येणाऱ्या तारा पिळून तुटतात. त्यासाठी आसाच्या चपट्या भागावर घट्ट बसेल अशी जाड लोखंडी पट्टी करून तिचे दुसरे टोक चिमट्याला आवळावे. हाताची चेनही ठेवायची असेल तर फ्रीव्हील बसणारी, म्हणजे मागच्या चाकाची मोटर घ्यावी लागते. ती रुंद असते. जुना चिमटा तापवून फाकवू नये, नवाच करून घ्यावा. चेन आम्ही ठेवली. बॅटरी संपली तर घरी येता येते, आणि सपाट रस्त्यावर दुखणार नाही इतका हातही चालतो.

विजेचा हिशेब सोपा आहे. ३६ व्होल्ट गुणिले २० अँपिअर-तास म्हणजे ७२० वॉट-तास. पूर्ण चार्जिंगला साधारण एक युनिट वीज. शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त दररोज काढली तर ती लवकर मरते. म्हणून सपाटीवर तीस-पस्तीस किलोमीटर निघतील असे कागदावर आले, तरी आम्ही वीसच धरतो. पावसाळ्यात आपली काळी माती चाकाला चिकटली की त्याहून कमी. बॅटरीजवळच फ्यूज घालावा, कंट्रोलर पाण्यापासून दूर ठेवावा, आणि झोपायच्या बंद खोलीत चार्जिंग लावू नये. लिथियमची बॅटरी हलकी व टिकाऊ, पण तिला तिचाच चार्जर लागतो.

कायद्याचेही ध्यानात असू द्या. २५० वॉटपेक्षा कमी ताकद आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेल्या विजेच्या गाड्या काही अटींवर मोटार वाहनांत धरत नाहीत. पण त्यात चाचणी संस्थेच्या मान्यतेची अटही आहे. म्हणून हमरस्त्यावर जाण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. भाऊ वाशीम-रिसोड रस्ता टाळतो, गावातच फिरतो. वेगही आम्ही ताशी १२ किलोमीटरवर बांधला आहे.

एकंदर खर्च २१,००० रुपये झाला. त्यातले पहिल्या चुकीत गेलेले दीड-दोन हजार आमच्या खिशातले.

गाडी झाली तरी विहाराच्या तीन पायऱ्या होत्याच. अठरा इंचांची उंची. इंचाला एक फूट या मापाने अठरा फुटांचा उतार हवा, आणि समोर जागा दहाच फूट. शेवटी नऊ फुटांवर सपाट वळण देऊन दोन टप्प्यांत उतार केला. मुलांनी वाळू वाहिली, गवंडीकाम वस्तीतल्याच एका मिस्त्रीने केले. आता त्या उतारावरून गुडघे दुखणाऱ्या आयाबाया आधी जातात आणि भाऊ त्यांच्या मागे थांबलेला असतो.

बॅटऱ्या यंदा बदलाव्या लागतील, त्यासाठी तो दुकानातून रोज वीस रुपये बाजूला टाकतो. दर रविवारी आसाचा नट, आरे आणि ब्रेकच्या तारा तो स्वतःच तपासतो. पाना त्याच्या बैठकीखालीच असतो, आम्हांला हात लावू देत नाही.