अर्ज दिल्लीला, अडतो गल्लीत

गावात कोणाच्या लेकीला किंवा सुनेला पीएचडी मिळाली की चौकात फ्लेक्स लागतो. शाल, श्रीफळ, पेढे सगळं होतं. महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला तिला पाहुणी म्हणून बोलावतात. पण त्या फ्लेक्सचा रंग उडून गेल्यावर तिचं पुढे काय झालं, हे कोणी विचारतं का? बहुतेक वेळा ती एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत असते. म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, आणि सुट्टी लागली की हात रिकामे. नाहीतर घरीच असते. नावापुढे ‘डॉ.’ लागलेली आणि पोळ्या लाटता लाटता मुलाचा पाढा ऐकणारी. पोळ्या लाटण्याला माझं काही म्हणणं नाही, मीही लाटते! पण पाच-सहा वर्षं प्रयोगशाळेत नाहीतर शिवारात घालवून जे ज्ञान मिळवलं, ते माळ्यावरच्या ट्रंकेत जावं याचं वाईट वाटतं.

पीएचडीनंतर पुढचं काम करायला सरकार पैसे देतं, हे आपल्याकडे फार थोड्या घरांत माहीत असतं. पीएचडी झालेल्या व्यक्तीने दोन-तीन वर्षं मासिक मानधन घेऊन एखाद्या विषयावर पूर्णवेळ संशोधन करायचं, याला पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप म्हणतात. शिवाय प्रकल्पासाठी अनुदान मिळतं ते वेगळं. प्रवास, साहित्य, मदतनीस यांचा खर्च त्यातून भागतो.

केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये महिला शास्त्रज्ञांसाठी एक योजना सुरू केली. घरसंसार, बाळंतपण, नवऱ्याची बदली यामुळे जिच्या कामात खंड पडला, तिला परत संशोधनात आणायचं हा तिचा हेतू. कोणीतरी दिल्लीत बसून आपल्या घरातली गोष्ट ओळखली म्हणायची! आज हे काम ‘वाइज-किरण’ या नावाखाली चालतं. त्यात पीएचडी करणाऱ्यांसाठी एक योजना आहे आणि पीएचडी झालेल्यांसाठी ‘वाइज-पीडीएफ’ ही दुसरी. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा विषयांच्या मैत्रिणींसाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आहे. तिचं पश्चिम विभागाचं केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारात आहे. इतिहासासाठी वेगळी परिषद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, ५ सप्टेंबर २०२२ रोजी डॉ. राधाकृष्णन यांच्या नावाची पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप जाहीर केली. त्यात ९०० जागा सांगितल्या आणि ३० टक्के स्त्रियांसाठी राखून ठेवल्या.

म्हणजे पैसा आहे. पुरेसा आहे असं मी म्हणत नाही, पण आहे. मग अडतं कुठे?

आमच्या बचत गटातल्या एका काकूंची सून वनस्पतिशास्त्रात डॉक्टर आहे. लग्न होऊन तालुक्याच्या गावी आली, दोन मुलं झाली, सात वर्षं गेली. धाकटा शाळेत जायला लागल्यावर तिने पुन्हा कागद बाहेर काढले. विषय काय, तर आपल्या भागातल्या रानभाज्या. करटुली, टाकळा, कुरडू कुठे उगवतात, कोणत्या कमी झाल्या, त्या ओळखणाऱ्या म्हाताऱ्या बायका किती उरल्या. माहिती तिने स्वतः शोधली, प्रस्ताव स्वतः लिहिला, रात्री मुलं झोपल्यावर. एका अनुभवी प्राध्यापिकेने ‘मी मार्गदर्शन करते’ असं कबूलही केलं. राहिलं होतं फक्त एक पत्र. ज्या महाविद्यालयात बसून काम करायचं, त्या महाविद्यालयाने द्यायचं संमतिपत्र.

ती प्राचार्यांकडे गेली. सर म्हणाले, “बघू.” पुढच्या आठवड्यात गेली, तर हेडक्लार्क म्हणाले, “मॅडम, तुम्ही आमच्या स्टाफवर नाही. संस्थेला विचारावं लागेल.” संस्थेची बैठक पुढच्या महिन्यात. अर्जाची शेवटची तारीख या महिन्यात! घरी काकू म्हणाल्या, “अगं, नसेल नशिबात.” मला हे ‘नशीब’ मान्य नाही. नशिबाला लेटरहेड आणि शिक्का लागत नाही.

हे पत्र एवढं महत्त्वाचं का, ते समजून घेऊ या. बहुतेक योजनांमध्ये बाई एकटी अर्ज करू शकत नाही. तिला यजमान संस्था दाखवावी लागते, म्हणजे बसायला जागा, प्रयोगशाळा, ग्रंथालय देणारी आणि हिशेब ठेवणारी संस्था. प्रकल्पाचं अनुदान बाईच्या पासबुकात येत नाही, संस्थेच्या खात्यात येतं. दरवर्षी खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र संस्थेच्या सहीने जातं, ऑडिट होतं. त्यामुळे संस्था बिचकतात. ‘उद्या ही बाई सोडून गेली तर? हिशेबाचं लचांड आमच्या गळ्यात!’ ही भीती अगदीच खोटी आहे असं नाही. लहान महाविद्यालयात अकाउंट्सला एकच माणूस असतो, तोच परीक्षेचंही बघतो.

पण दुसरी बाजूही बघा ना. अनेक प्रकल्प-अनुदानांत संस्थेच्या वरखर्चासाठी वेगळी रक्कम असते. प्रकल्पातून घेतलेली उपकरणं बहुधा संस्थेतच राहतात. आणि नॅकची समिती येते तेव्हा ‘संशोधनासाठी बाहेरून किती निधी आणला?’ हा प्रश्न असतोच. त्या वेळी रांगोळ्या काढून आणि फेटे बांधून गुण मिळवण्यापेक्षा एका हुशार बाईला टेबल-खुर्ची दिलेली बरी. यात महाविद्यालय कोणावर उपकार करत नाही. फायदा दोघांचा आहे.

परवानगीची ही गोष्ट जुनीच आहे म्हणा. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी वरच्या क्रमांकाने मिळवलेली कमला भागवत बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेली, तर सर सी. व्ही. रामन यांनी ती मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला. ती हटून बसली तेव्हा एक वर्ष अटींवर घेतलं. पुढे तिने केंब्रिजहून १९३९ मध्ये पीएचडी मिळवली. त्याच डॉ. कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांची बहीण. त्यांनी नंतर नीरेवर काम केलं, म्हणजे आपल्या मातीतल्याच विषयावर. त्यांना अडवणारा दरवाजा बंगळूरला होता, आपल्या मैत्रिणींना अडवणारा बसस्टँडमागच्या कॉलेजात आहे. एवढाच काय तो फरक.

वयाचं काय, ते आता. विज्ञान शाखांसाठी राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप आहे. ती पूर्वी ‘सर्ब’ द्यायचं, आता २०२३ च्या कायद्याने झालेली अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन देते. तिला वयोमर्यादा ३५, स्त्रियांना ५ वर्षांची सवलत. कागदावर हे उदार वाटतं. पण आपल्याकडची मुलगी बीएस्सीनंतर लग्न करते, एमएस्सी पहिल्या बाळाबरोबर करते, पीएचडीची नोंदणी तिशीनंतर होते. ती डॉक्टर होईपर्यंत चाळिशी दारात उभी असते. म्हणून मला ‘वाइज-किरण’सारख्या, खंड पडलाय हे मान्य करून चालणाऱ्या योजना जास्त मोलाच्या वाटतात. यूजीसीची पूर्वी नोकरी नसलेल्या पीएचडीधारक स्त्रियांसाठी पाच वर्षांची खास फेलोशिप होती. तशी सोय पुन्हा व्हावी, ही मागणी आपल्या भागातल्या खासदारबाईंनी आणि खासदारांनी दिल्लीत करायला हवी. सत्काराला येतात तेव्हा विचारा त्यांना.

ज्यांची पीएचडी अजून चालू आहे त्यांनी एक नियम गाठीला बांधून ठेवावा. यूजीसीच्या २०१६ च्या आणि नंतर २०२२ च्या नियमांत असं म्हटलं आहे की संशोधक स्त्रीला लग्नामुळे किंवा अन्य कारणाने दुसऱ्या गावी जावं लागलं, तर तिचं संशोधन ती तिथल्या विद्यापीठात नेऊ शकते. इतर अटी पाळाव्या लागतात, आधीच्या मार्गदर्शकाचं श्रेय द्यावं लागतं, आणि ते काम मार्गदर्शकाच्या अनुदानित प्रकल्पाचा भाग असेल तर नेता येत नाही. पण रस्ता आहे! शिवाय स्त्रियांना पीएचडी पूर्ण करायला दोन वर्षं जादा मिळतात आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा घेता येते. ‘लग्न ठरलं, आता पीएचडी सोडावी लागेल’ असं मी निदान चार मुलींच्या आयांकडून ऐकलंय. नियमाची एक प्रत काढून व्याह्यांच्या हातात द्या, मगच सुपारी फोडा.

पीएचडीच्या काळातले पैसे हा आणखी वेगळा भाग. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, हे दर २०२३ पासून लागू झाले. जेआरएफला वयाची अट ३०, स्त्रियांना इथेही ५ वर्षं सवलत. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती अशा संस्था फेलोशिप देतात. मात्र हे पैसे वेळेवर येतीलच असं समजून घराचे हप्ते काढू नका. २०२३-२४ मध्ये या संस्थांच्या विद्यार्थ्यांना आपल्या फेलोशिपसाठी आंदोलनं करावी लागली, त्यात मुलीही होत्या.

अर्ज लिहिण्याबद्दल खूप काही सांगता येईल, मी दोन-तीनच गोष्टी सांगते. ‘महिलांचे सक्षमीकरण : एक अभ्यास’ असलं नाव देऊ नका. ते वाचून कोणालाच काही कळत नाही. तुमच्या गावात काय आहे ते बघा. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल २०१९ मध्ये सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातल्या बायकांना तो प्रश्न समिती यायच्या कितीतरी आधीपासून माहीत होता! हेमा रायरकर आणि गी पॉइतवां यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. जे आपण आजीच्या तोंडून ऐकून विसरलो, तेच त्यांच्यासाठी संशोधन होतं. तुमचा विषय छोटा असू द्या, पण प्रश्न नेमका हवा. कोणाला भेटणार, किती गावं, कोणत्या महिन्यात काय करणार, आणि कशावर किती रुपये, हे सांगा. बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला खर्चाचा तक्ता जमणार नाही, यावर माझा विश्वास नाही.

कागदपत्रांचं मात्र खरोखर जीवावर येतं. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, जातीच्या दाखल्यावर वडिलांचं, पॅनवर स्पेलिंग तिसरंच. जाहिरात निघाल्यावर हे जुळवायला बसलं तर तारीख हातातून जातेच, कारण मुदत पुष्कळदा काही आठवड्यांचीच असते. विवाह नोंदणी दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र आधीच काढून ठेवावं. आणि अर्जात मोबाइल नंबर स्वतःचा द्यावा. ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जातो, नवरा शेतावर नाहीतर ड्युटीवर, फोन सायलेंटवर... हसू नका, यामुळे फॉर्म राहिलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

आता संस्थाचालकांना. तुमच्यापैकी अनेकांच्या सौभाग्यवती ही पुरवणी वाचतात, म्हणून इथेच लिहिते. अमुक योजनेसाठी संमतिपत्र द्यायचा अधिकार प्राचार्यांना आहे, असा एक ठराव पुढच्या बैठकीत करून टाका, म्हणजे प्रत्येक अर्जासाठी संस्थेच्या सभेची वाट पाहावी लागणार नाही. तुमचं महाविद्यालय यूजीसीच्या २ (एफ) आणि १२ (बी) कलमांखाली मान्यताप्राप्त आहे का, हे दर्शनी फलकावर लिहा, कारण काही योजनांत तेच आधी विचारतात. स्टाफवर नसलेल्या पण गावात राहणाऱ्या पीएचडीधारकांची एक यादी ग्रंथपालांकडून करून घ्या. किती नावं निघतात ते बघा, त्यात सुना किती ते मोजा. आणि त्यातल्या पहिल्या पाच जणींना फोन करून ग्रंथालयाचं कार्ड देऊ करा.

आमच्या काकूंच्या सुनेच्या हातात सध्या रानभाज्यांची एक वही आहे. शेजारच्या तालुक्यातल्या एका महाविद्यालयाने तिला सोमवारी कागद घेऊन बोलावलं आहे. एसटीने दीड तास लागतो. त्या दिवशी मुलांना शाळेतून आणायचं काम काकूंनी घेतलंय.