कॅमेरा, संगणक आणि ‘आपोआप’ हा शब्द

‘आपोआप’ हा शब्द अलीकडे आपल्या मुलांच्या तोंडीं फार बसला आहे. दिवा आपोआप लागतो, दार आपोआप उघडतें, आणि कॅमेऱ्याची तार संगणकास जोडली कीं त्यांतील छायाचित्रें आपोआप पडद्यावर येतात. जोंवर हें घडतें तोंवर कोणी कांहीं विचारीत नाहीं. परंतु एके दिवशीं तार जोडूनही पडदा कोराच राहतो, आणि मग दोन मतें ऐकूं येतात. मुलें म्हणतात, कॅमेरा बिघडला. वडील माणसें म्हणतात, हें लिनक्सच मुळीं वाईट. विंडोज घातली असती तर बरें झालें असतें. मला हीं दोन्ही मतें निदान करण्याच्या कंटाळ्याचीं लक्षणें वाटतात.

ज्यांनीं विंडोज पाहिली आहे त्यांस तेथें प्रत्येक तबकडीस एकेक इंग्रजी अक्षर मिळतें हें ठाऊक असेल. लिनक्सची रीत निराळी. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं आरंभ झालेल्या युनिक्सची ती रीत. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्स लिहावयास घेतलें तेव्हां तीच पुढें चालविली. या रीतींत सर्व फायलींचें मिळून एकच झाड असतें. बाहेरून आलेली तबकडी त्या झाडाच्या एकाद्या फांदीवर बसवावी लागते. यासच ‘माउंट’ करणें म्हणतात. कोंकणांतील आपल्या विद्यार्थ्यांनीं आंब्याचें कलम बांधतांना पाहिलें असेल. तें डोळ्यांपुढें आणलें तर ही कल्पना चटकन् समजेल.

हें कलम आपोआप बांधलें जातें तेव्हां पडद्यामागें चार गडी राबत असतात. कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नव्या उपकरणाची प्रथम दखल घेतो. यूडेव्ह त्याची नोंद करून त्यास नांव देतो. यूडिस्क्स हा प्रत्यक्ष माउंट करितो; आणि तसें करण्याची आज्ञा त्यास डेस्कटॉप देतो. एकाचा निरोप दुसऱ्यास पोहोंचला नाहीं कीं पडदा कोरा. तेव्हां पहिला प्रश्न असा विचारावा: निरोप कोठवर पोहोंचला?

कॅमेरा सुरू आहे ना, हें अगोदर पाहावें; हसूं नका, पुष्कळांचें तेथेंच चुकतें. मग तार पाहावी. बाजारांतील कांहीं तारांत केवळ वीज नेणाऱ्या वाहिन्या असतात, माहिती नेणाऱ्या नसतात. अशा तारेनें बॅटरी भरेल, पण कॅमेरा बोलणार नाहीं. नंतर टर्मिनल उघडून ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यावी. यू.एस.बी. च्या वाटेनें जीं जीं उपकरणें जोडलीं आहेत त्यांची यादी ती देते. यादींत कॅमेरा नसेल तर दोष तारेचा, खांचेचा किंवा कॅमेऱ्याचा. लिनक्सच्या मांडणींत हात घालण्याचें कारण नाहीं. यादींत तो असेल तर ‘डीमेसेज’ या आज्ञेनें कर्नेलची रोजनिशी वाचावी. (हल्लींच्या पुष्कळ आवृत्त्यांत तीस व्यवस्थापकाचा अधिकार लागतो.) तार काढून पुन्हा जोडावी आणि रोजनिशीच्या शेवटच्या आठदहा ओळी पाहाव्या. त्या इंग्रजींत असतात खऱ्या. पण हायस्कुलांत शिकणाऱ्या मुलास त्यांतून ‘उपकरण सांपडलें’ व ‘चूक झाली’ एवढें तरी वाचतां यावें.

आतां सर्वांत अधिक फसविणाऱ्या भागाकडे वळतों. कॅमेरा संगणकाशीं दोन भाषांत बोलूं शकतो. पहिली मास स्टोरेजची: ‘मी एक साठवणीची पेटी आहें, मला उघडा व आंत पाहा.’ दुसरी पी.टी.पी. ही होय; पुढें ती आय.एस.ओ. १५७४० या क्रमांकाचें आंतरराष्ट्रीय प्रमाण झाली. हिच्यांत कॅमेरा आपली पेटी कोणाच्या हातीं देत नाहीं. वाण्याप्रमाणें गल्ल्यावर बसून मागाल तें चित्र आंतून काढून देतो. गिऱ्हाइकास कोठारांत प्रवेश नाहीं, तसा या कॅमेऱ्यास तबकडी म्हणून माउंट करतां येत नाहीं. कॅननचे पुष्कळ कॅमेरे हीच भाषा बोलतात. निकॉनच्या कांहीं जुन्या कूलपिक्स कॅमेऱ्यांत दोहोंपैकीं एक निवडण्याची सोय होती. ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा तबकड्यांची यादी देते. तिच्यांत पी.टी.पी. बोलणारा कॅमेरा कधींच दिसणार नाहीं, आणि तो दिसत नाहीं म्हणून रात्र जागविणारे लोक आहेत! येथें जीफोटो२ हें साधन हवें. त्याच्या ‘ऑटो-डिटेक्ट’ या आज्ञेनें कॅमेऱ्याचें नांव निघतें. कधीं कधीं मात्र उपकरण ताब्यांत घेतां येत नाहीं अशी तक्रार तें करितें. याचा अर्थ बहुधा असा कीं, डेस्कटॉपनें आधींच त्या कॅमेऱ्यास धरून ठेविलें आहे. फायलींच्या खिडकींतून तो सोडावा, म्हणजे दुसऱ्यास मिळतो. येथें आपोआपपणाच अडथळा होऊन बसतो, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

कॅमेरा मास स्टोरेजची भाषा बोलतो, तबकड्यांच्या यादींतही दिसतो, पण उघडत नाहीं, असें झालें तर कार्डावरील मांडणी पाहावी. ३२ जी.बी. पर्यंतचीं कार्डें साधारणतः फॅट मांडणीचीं व त्याहून मोठीं एक्सफॅट मांडणीचीं असतात. एक्सफॅट ही मायक्रोसॉफ्टची. तिचा तपशील त्या कंपनीनें २०१९ सालीं खुला केला. त्याच वर्षीं ती लिनक्सच्या ५.४ या कर्नेलमध्यें आली, आणि २०२० सालच्या ५.७ मध्यें अधिक चांगल्या स्वरूपांत आली. त्याहून जुन्या कर्नेलवर चालणाऱ्या संगणकांत ती समजणारें साधन निराळें घालावें लागतें.

माझ्या परिचयाच्या एका पालकांनीं बहिणीच्या लग्नाचीं छायाचित्रें असलेलें ६४ जी.बी. चें कार्ड अशाच एका जुन्या संगणकास लाविलें. तें उघडेना. दुरुस्तीच्या दुकानांत नेलें, तेथील गृहस्थानें रोजनिशीची एक ओळही न वाचतां ‘कार्ड बाद झालें’ असें सांगून तें फॉरमॅट केलें. फोटोरेक नांवाच्या साधनानें पुढें बरींच चित्रें परत मिळालीं, कारण मधल्या काळांत कार्डावर नवें कांहीं लिहिलें गेलें नव्हतें. परंतु ज्या फायली तुकड्यातुकड्यांनीं विखुरल्या होत्या त्या अर्धवट निघाल्या, आणि त्यांत त्या घरच्या आजोबांचें शेवटचें छायाचित्र होतें. कार्ड धडधाकट होतें. एक लहानसें साधन घालावयाचें राहिलें होतें एवढेंच. म्हणून पालकांस माझें आग्रहाचें सांगणें आहे कीं, छायाचित्रें दुसरीकडे उतरून घेतल्यावांचून ‘फॉरमॅट’ या शब्दास संमति देऊं नये, मग सांगणारा कितीही अनुभवी असो. फॅट मांडणींत चूक आढळली तर लिनक्स पुष्कळदां कार्डावर लिहिण्याचें थांबवून तें केवळ वाचनासाठीं ठेवितें. कित्येकांस हाही बिघाड वाटतो. मला ती शहाण्या कारकुनाची सावधगिरी वाटते. अशा वेळीं आधीं नक्कल, मग दुरुस्ती.

राहिला चौथा गडी. डेस्कटॉपच्या मांडणींत स्वयंचलित माउंट बंद केलेलें असूं शकतें. एक्सएफसीई सारख्या हलक्या डेस्कटॉपवर त्यासाठीं थुनार-व्होलमन हें साधन असावें लागतें. ‘यूडिस्क्ससीटीएल’ या आज्ञेनें हातानें माउंट केल्यावर कार्ड उघडलें, तर पहिले तिघे गडी निर्दोष ठरले. येथें जुन्या सल्ल्यांपासून मात्र सावध राहावें. एके काळीं हें सारें काम हाल नांवाची यंत्रणा पाही. २०१० च्या सुमारास ती मागें पडली, तरी तिच्या वेळचे उपाय अजून हातोहात फिरत असतात. ‘एफएसटॅब’ फायलींत कॅमेऱ्यासाठीं कायमची ओळ लिहा, हा त्यांतलाच एक. उपकरणें जोडण्याच्या क्रमाप्रमाणें त्यांचीं नांवें बदलतात. आज जें नांव कॅमेऱ्याचें तें उद्यां दुसऱ्याच तबकडीस मिळेल, आणि ती ओळ साह्य करण्याऐवजीं आडवी येईल.

एका पालकांनीं मला विचारिलें कीं, परीक्षेच्या गुणांत हें कोठें बसतें? कोठेंच बसत नाहीं. पण विज्ञानाच्या प्रयोगवहींत आपण मुलांकडून निरीक्षण व अनुमान हीं सदरें भरून घेतों, आणि त्या प्रयोगाचें उत्तर पाठ्यपुस्तकांत आधींच छापलेलें असतें. कोऱ्या पडद्यापुढें बसलेल्या मुलास तें छापील उत्तर मिळत नाहीं. तार बदलून पाहिली, काय झालें? दुसरें कार्ड घातलें, काय झालें? एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, हा नियम त्यास तेथें जितका पटेल तितका माझ्या फळ्यावरील वाक्यानें पटणार नाहीं.

यास्तव माझी सूचना अशी आहे कीं, संगणकाच्या खोलींत नववीच्या वर्गासाठीं पहिली सहामाही स्वयंचलित माउंट बंद ठेवावें, मुलांनीं तें हातानें करावें, आणि दुसऱ्या सहामाहींत तें खुशाल सुरू करावें. मी सोयीचा शत्रु नाहीं. पवईच्या आय.आय.टी. च्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमांत लिनक्सचे पाठ मराठींतही आहेत, तेव्हां भाषेची सबब चालूं नये. जोडण्याइतकेंच काढण्याचेंही शिकवावें: कार्डावर लिहावयाचा मजकूर लिनक्स कांहीं काळ आपल्या स्मृतींत राखून ठेवितें, म्हणून आधीं ‘अनमाउंट’ करावें व मगच तार ओढावी. या साऱ्यास एक कॅमेरा, दोन तारा, एक जुनें कार्ड आणि आठवड्यास अर्धा तास एवढेंच लागेल. कार्डावर मात्र कोणाच्या घरचीं छायाचित्रें नसावीं.